घर दूर, सुट्टी चार दिवसांची

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाची दिवाळी कशी गेली, हे आईवडील आवर्जून विचारतात. त्या दिवशी त्याला बहुधा सुट्टी नसते. दिवसभर वर्ग, रात्री मित्राच्या खोलीवर पुलाव आणि डब्यातले गुलाबजाम, झाली दिवाळी! पण खरे एकटेपण जाणवते ते त्यानंतर काही आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. तेव्हा तिथे 'थँक्सगिव्हिंग' असते आणि आपल्याकडे अनेक घरांत त्याची कल्पनाही नसते.

यादवी युद्ध चालू असताना १८६३ मध्ये लिंकन यांनी आभाराचा हा दिवस देशभर पाळण्याचे आवाहन केले. १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार ठरला. धर्म कोणताही असो, त्या दिवशी घरी जायचे आणि सर्वांनी मिळून भाजलेली टर्की व भोपळ्याचा पाय खायचा, असा रिवाज आहे. बुधवारी दुपारपासूनच वसतिगृहे ओस पडू लागतात. गुरुवारी खाणावळ बंद, ग्रंथालय बंद, दुकानेही बहुतेक बंद. काही ठिकाणी तर वसतिगृहालाच टाळे लागते. थांबायचे असेल तर आधी नाव नोंदवावे लागते.

२०२३-२४ मध्ये तिथे ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. चार दिवसांसाठी भारतात कोण येणार? पण मागे राहणारे सगळे परदेशीच असतात असे नाही. दूरच्या राज्यांतली अमेरिकन मुलेही थांबतात, कारण महिन्याभरात नाताळ येतो आणि विमानाचे भाडे दोनदा परवडत नाही. सरकारी देखरेखीखाली परक्या कुटुंबांत वाढलेल्या काहींना तर जायला घरच नसते.

मुलांनीच यावर तोड काढली, 'फ्रेंड्सगिव्हिंग'. ज्याच्याकडे स्वयंपाकघर त्याच्याकडे जमायचे, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. टर्कीशेजारी राजमा आणि नूडल्स सुखाने नांदतात!

अनेक विद्यापीठांतली परदेशी विद्यार्थ्यांची कार्यालये गावातल्या कुटुंबांकडे जेवणाची सोयही करून देतात. आपली मुले संकोचाने नको म्हणतात. कशाला? मात्र शाकाहारी असाल तर आधीच सांगा. मसाला घातलेल्या पावाच्या सारणात बहुधा कोंबडीचा रस असतो, बटाट्यावर ओतायची ग्रेव्ही टर्कीची असते आणि पायमध्ये अंडे. सांगितले तर यजमान वेगळे काही करतात, न सांगता उपाशी उठले तर त्यांनाच वाईट वाटते.

आणि पालकांनो, फोनची वेळ साधा. न्यूयॉर्ककडे दुपारी दोनला, ऐन जेवणाच्या वेळी मुलीला घर आठवते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात आणि ती तुम्हाला उठवणार नाही. गुरुवारी संध्याकाळी साडेसातला तुम्हीच फोन करा. तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात. पुढे परीक्षा आहे हे तिला ठाऊक असते. जेवायला कुणाकडे जाणार आहेस, एवढेच विचारा.