सर्फेखासच्या तालुक्यातले बस्ते

पाटोदा म्हटलं की बाहेरचे लोक विचारतात, "ते आदर्श गाव का?" ते नव्हे. ते छत्रपती संभाजीनगरजवळचं. हे बीड जिल्ह्यातलं, बालाघाटावरचं, मांजरेच्या उगमाच्या मुलखातलं तालुक्याचं गाव. सौताडा ओलांडलं की जामखेड, म्हणजे एके काळचा इंग्रजांचा नगर जिल्हा. मध्ये निजामाची हद्द होती आणि हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली, 17 तारखेला युद्धबंदी झाली, दुसऱ्या दिवशी जनरल अल इद्रूसनी मेजर जनरल जे. एन. चौधरींपुढे शरणागती पत्करली. आपल्याकडे दर 17 सप्टेंबरला झेंडावंदन होतं आणि गोष्ट तिथंच संपते. पण जेमतेम तेरा महिने वयाच्या देशाच्या हाती एवढा मोठा मुलूख आला, तर 18 तारखेला सकाळी तालुक्याच्या कचेरीत नेमकं काय बदललं? याचं उत्तर भाषणांत मिळत नाही. ते जुन्या महसुली कागदांत आहे, आणि ते कागद वाचणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.

त्यांच्यातल्याच एका निवृत्त उर्दू शिक्षकांशेजारी मी बसलो होतो. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातल्या कचेऱ्यांना मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकदम गरज पडली. 2 सप्टेंबर 2025 च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयानंतर ती आणखी वाढली. पण गुरुजींकडे येणारे सगळेच कुणबी दाखल्यासाठी येत नाहीत. कुणाला इनामाचा मुन्तखब, म्हणजे सनद, वाचून हवा असतो, कुणाला कुळाची नोंद.

काम संथ चालतं. बस्त्याची, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याची गाठ सोडायची, फडक्यानं धूळ टिपायची, पान उलटताना बोटं खालून लावायची, कारण कडा तुटतात. गुरुजी आधी साल बघतात. साल फसली, म्हणजे निजामी महसुली वर्षाचं असतं. त्यात 591 मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्यानं पहिल्या तीन महिन्यांना 590 च मिळवायचे. मग गावाचं नाव. घाईत लिहिणाऱ्यानं नुकते, म्हणजे अक्षरांची टिंबं सोडली असतील तर पारगावचं बारगाव होतं, म्हणून ते शेजारच्या गावांची नावं वाचून खात्री करून घेतात. आकारणीचे आकडे रकमीत, म्हणजे अंकांत नव्हे तर अरबी संख्याशब्दांच्या आखूड केलेल्या आकड्या-वळणांत. मला ते सगळे सारखेच दिसले. गुरुजी पेन्सिल कागदापासून बोटभर वर धरून फिरवतात, टेकवत नाहीत.

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात येते. सप्टेंबर 1948 हा 1357 फसलीचा शेवटचा महिना. त्यानंतर 1358 चं दप्तर सुरू होतं तेही त्याच नमुन्यात आणि त्याच रकान्यांत. कारभार बदलल्याची खूण शोधायला गेलं तर सापडत नाही. आणि हा गावकारकुनाचा आळस नव्हता. वरही तसंच चाललं होतं. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले, पण त्यांच्या अधिकाराला कायद्याचं बळ मिळालं ते खुद्द निजामाच्या फर्मानातून. ज्याचं राज्य घेतलं त्याच्याच सहीनं राज्य चालवायचं. 15 ऑगस्ट 1949 चा जहागिरी रद्द करणारा कायदादेखील '1358 फसली' असाच ओळखला जातो. जमीन महसुलाचा 1317 फसलीचा निजामी कायदा तर महाराष्ट्राची महसूल संहिता लागू होईपर्यंत, 1967 पर्यंत टिकला.

पाटोद्याची गोष्ट आणखी वेगळी. हा तालुका सर्फेखास, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. इथला सारा दिवाणीच्या, म्हणजे सरकारी खजिन्यात जात नसे, थेट निजामाच्या खासगी तिजोरीत जाई. फेब्रुवारी 1949 मध्ये सर्फेखास दिवाणीत विलीन झालं आणि बदल्यात निजामाला वर्षाला 25 लाख रुपये ठरले. 50 लाखांचा तनखा वेगळा. माझ्या मते पाटोद्यासाठी 17 सप्टेंबरइतकीच ही तारीख मोठी आहे. शेतकऱ्याचा सारा एका माणसाच्या खिशातून निघून सरकारात आला तो तेव्हा. त्या तारखेचं झेंडावंदन मात्र कुणी करत नाही.

नाणंही लगेच गेलं नाही. निजामाचे सात हाली रुपये म्हणजे हिंदुस्थानचे सहा कलदार, हा हिशेब बाजारात बरीच वर्षं चालला. नाक्यांची जकात उठवणं तर संस्थानाच्या उत्पन्नालाच हात घालणं होतं. म्हणून राज्यघटनेच्या 306 व्या कलमानं अशा राज्यांना काही काळ जकात चालू ठेवायची मुभा दिली. जामखेडचा आणि पाटोद्याचा माणूस एका देशाचा नागरिक झाला, तरी मधला नाका एका दिवसात उठला नाही.

हे चूक होतं असं मी म्हणणार नाही. नवं राज्य आलं म्हणून सगळी दप्तरं फेकून दिली असती तर कुळाकडे दाखवायला काय उरलं असतं? पुढं 1961 मध्ये गोव्यातही भारतानं हेच केलं. आधी लष्करी गव्हर्नर, आणि पोर्तुगीज नागरी कायदा तर आजही चालू आहे. शहाणपण होतं त्यात. पण त्या शहाणपणाबरोबर जुनी माणसंही तशीच राहिली. वर मुंबई-मद्रासकडून अधिकारी आणले गेले, इतके की 1952 मध्ये मुल्की-गैरमुल्कीचं, म्हणजे स्थानिक विरुद्ध बाहेरचे असं आंदोलन पेटलं. खाली पटवारी तोच होता.

कागदांत जे नाही तेही सांगायला हवं. सप्टेंबर 1948 च्या त्या फौजी मोहिमेनंतरच्या, म्हणजे पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. त्यांच्या अहवालात संस्थानभर 27 ते 40 हजार बळींचा अंदाज आहे. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान 5 हजार. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. रझाकारांचे अत्याचार आपण पाठ्यपुस्तकांत शिकलो, आणि ते खरेच होते. गुरुजी या विषयावर काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

दुपारी एक तरुण आला. अंमळनेरकडचा.

"गुरुजी, आज्याचं नाव कूळ म्हणून आहे का, तेवढं बघा."

1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यानं संरक्षित कूळ ही गोष्ट आणली. कागदावर तो त्या काळच्या मानानं पुढारलेला कायदा होता. पण कूळ कोण, हे गावात ठरायचं पटवाऱ्याच्या वहीवरून, आणि पटवारी बसायचा मालकाच्या ओसरीवर. अर्थतज्ज्ञ ए. एम. खुस्रो यांनी पुढं पाहणी केली. 1951 मध्ये संरक्षित ठरलेल्या दर 100 कुळांपैकी तीन-चार वर्षांनी 45 च कूळ म्हणून उरली होती. 12 जमीन विकत घेऊन मालक झाली. 22 बेकायदा हुसकली गेली आणि 17-18 जणांनी म्हणे राजीखुशीनं जमीन सोडली. त्या राजीखुशीवर विश्वास ठेवायला मी तरी तयार नाही.

गुरुजींनी आधीचं पाहणी पत्रक काढलं. नाव होतं. सर्व्हे नंबर, क्षेत्र, वडिलांचं नाव, सगळं जुळलं. तरुणानं मोबाइलवर फोटो काढला. मग 1954-55 चं खासरा पत्रक. ते मराठीत, सरळ देवनागरीत. आता गुरुजींची गरजच नव्हती, तो स्वतःच वाचू शकत होता. सर्व्हे नंबर तोच, मालक तोच, कुळाचा रकाना कोरा.

"मधलं साल कुठंय?" त्यानं विचारलं.

मधल्या सालांचे बस्ते त्या फळीवर नव्हते. कारकून म्हणाला, बीडला असतील, तिथं अर्ज करा. गुरुजींनी चिठ्ठीवर गाव, सर्व्हे नंबर आणि 1360 ते 1363 फसली अशी सालं लिहून दिली, शेजारी कंसात इसवी सनही, कारण बीडला खिडकीवर फसली सांगून कुणाला कळत नाही. दोन्ही पानांच्या नकलांची फी भरायला तो बाहेर गेला आणि गुरुजींनी पुढच्या माणसाचा मुन्तखब हातात घेतला.