म्युनिक म्हटलं की मान डोलते

मुलगा जर्मनीला निघाला म्हटलं की डोंबिवलीत पुढचा प्रश्न ठरलेला: ‘जर्मनीत कुठे?’ ‘म्युनिक’ म्हटलं की समोरच्याची मान डोलते. ‘वॉलडॉर्फ’ म्हटलं की थोडी शांतता, मग ‘म्हणजे कशाजवळ?’ लग्नाच्या बायोडेटात तर वॉलडॉर्फ लिहायच्या फंदात कुणी पडत नाही, नुसतं ‘जर्मनी’ लिहून मोकळे होतात. वास्तविक जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब ज्या एसएपी या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालतात, तिचं मुख्यालय १९७७ पासून या वॉलडॉर्फलाच आहे. गावाची लोकसंख्या १५ हजारांच्या आसपास.

ठाणे-कल्याण पट्ट्यातून बाहेर जाणाऱ्यांत आता फक्त आयटीवाले नाहीत. नर्स आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, वेल्डर आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट, पण कारखाने आडगावांतही पसरलेले. भिंगांसाठी प्रसिद्ध असलेली झाइस ओबरकोखेनला, गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ फ्रीडरिश्सहाफेनला. तेव्हा ‘मोठं शहर की छोटं गाव’ हा प्रश्न पुष्कळ घरांत येणार आहे, आणि तो सोडवताना आपण मापं मात्र इथली वापरतो. घोळ तिथेच होतो.

गैरसमज: ‘छोटं गाव म्हणजे मागे पडलेलं गाव’

आधी आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती, ठाणे शहराची १८ लाख ४१ हजार. श्टुटगार्ट सहा लाखांच्या थोडं वर, म्हणजे निम्मं कल्याण-डोंबिवली. फ्रँकफुर्ट साडेसात लाखांच्या पुढे. हॅम्बर्ग हे देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, आणि ते साधारण त्या वेळच्या ठाण्याएवढं. आपल्या मापाने बघायचं तर बर्लिन सोडून सगळा जर्मनी ‘छोटाच’.

ऑस्ट्रेलियात वेगळीच गंमत. तिथल्या व्हिसाच्या कागदांत ‘रीजनल’ हा शब्द वाचून आईवडिलांच्या डोळ्यांपुढे माळरान आणि मेंढ्या येतात. प्रत्यक्षात सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरं सोडली तर बाकीचा देश व्हिसाच्या भाषेत रीजनल. वीस लाखांवर वस्तीचं पर्थ त्यात येतं, अ‍ॅडलेड येतं, राजधानी कॅनबेराही येते.

आणि मागासपणाचं म्हणाल, तर कल्याणकरांना पुरावा घरचाच आहे. आनंदीबाई जोशी मूळच्या कल्याणच्या, जन्म १८६५ चा. १८८३ च्या उन्हाळ्यात त्या अमेरिकेत पोचल्या, त्या थेट कुठल्या महानगरात नाही, तर न्यू जर्सीतल्या रोझेल या लहानशा गावात, कार्पेंटर कुटुंबाकडे. त्याच वर्षी जानेवारीत एडिसनने खांबांवरून तारा ओढून गावभर विजेचे दिवे लावण्याचा पहिला प्रयोग केला होता, तो याच रोझेलमध्ये. न्यूयॉर्कपासून जवळ, रेल्वेच्या वाटेवरचं हे गाव. आधी कार्पेंटरांच्या घरात रुळणं आणि मग शिक्षणासाठी फिलाडेल्फियासारखं मोठं शहर, हा क्रम आनंदीबाईंच्या वाट्याला आला आणि तो मला आजही शहाणपणाचा वाटतो. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या.

गैरसमज: ‘राहू स्वस्तात बाहेर, जाऊ रोज शहरात, सवय आहेच’

हा खास आपल्याकडचा गैरसमज, आणि तो पुण्या-नागपूरच्या मुलांना सहसा होत नाही. कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर. बाबांनी तीस वर्षं ८.१२ नाहीतर ८.२४ ची लोकल पकडली, आपणही पकडली, तर लंडनबाहेर राहून लंडनला नोकरी का नाही जमणार?

जमेल, पण पास काढताना घाम फुटेल. रेडिंग घ्या. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनापासून सुमारे ५८ किलोमीटर, म्हणजे कल्याणपेक्षा किंचितच लांब. जलद गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचवते, डोंबिवलीकराला स्वर्गच. पण वर्षाच्या पासाला ५ हजारांहून जास्त पौंड मोजावे लागतात. आपला सेकंड क्लासचा महिन्याचा पास काहीशे रुपयांत येतो, कारण मुंबईची लोकल तोटा सोसून चालवली जाते. जगात बहुतेक ठिकाणी लांबचा प्रवास आणि स्वस्त प्रवास या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. घरभाड्यात वाचवलेले पैसे तिकीट खिडकीवर जातात.

जर्मनीत परिस्थिती बरी. देशभरच्या लोकल, मेट्रो, ट्राम आणि बसला चालणारं मासिक तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ते ६३ युरोला आहे. आयसीई या जलद गाड्यांना मात्र ते चालत नाही, हे पहिल्याच महिन्यात दंड भरून शिकायची गरज नाही.

आता हेर्झोगेनाउराख हे गाव बघा. न्यूरेम्बर्गजवळचं, २५ हजारांच्या आतबाहेर वस्तीचं. आदिदासचं मुख्यालय इथे, पुमाचं इथे, बेअरिंगवाल्या शेफलरचंही इथेच. तीन जागतिक कंपन्या, आणि गावात प्रवासी रेल्वे येतच नाही. ती १९८० च्या दशकात बंद झाली. एर्लांगेन किंवा न्यूरेम्बर्गला जायचं तर बस नाहीतर स्वतःची मोटार. एक लोकल चुकली तर पाच मिनिटांत दुसरी, या हिशेबावर ज्याचं आयुष्य गेलं त्याने अशा गावातल्या थांब्यावर लावलेलं वेळापत्रक एकदा नीट वाचावं. आठवड्याच्या दिवसांचा रकाना भरलेला, शनिवारचा विरळ, रविवारचा जवळजवळ मोकळा. दुकानं तर रविवारी देशभरच बंद. मोठ्या शहरात निदान मुख्य स्टेशनातली दुकानं उघडी सापडतात. छोट्या गावात दूध संपलं तर पेट्रोल पंपावरचं दुकान, तेही असेल तर.

म्हणजे गाडी हवी. इथे दुसरी ठेच लागते. भारतीय लायसन्सवर जर्मनीत राहायला गेल्यापासून सहाच महिने गाडी चालवता येते. भारतीय लायसन्स नुसतं बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात, आणि क्लाससकट खर्च सहज दोन-तीन हजार युरोंवर जातो. घोडबंदर रोडवर दहा वर्षं गाडी चालवली असली तरी तिथल्या परीक्षकाला त्याचं कौतुक नसतं. उलट ती सवय मोडायलाच जास्त तास लागतात, असं जाऊन आलेले सांगतात. छोट्या गावातली ऑफर आली की हा खर्च आणि हे सहा महिने हिशेबात धरलेले बरे.

गैरसमज: ‘पैसा शहरात, बचत गावात’

अर्धं खरं. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतल्या नर्सचा पगार बँडप्रमाणे, म्हणजे श्रेणीप्रमाणे ठरतो आणि तो देशभर सारखा. लंडनच्या आतल्या भागात त्यावर २० टक्के भत्ता, बाहेरच्या भागात १५ आणि काठावर ५. ऐकायला छान. पण २०२५ मध्ये लंडनचं सरासरी घरभाडं महिन्याला २,२०० पौंडांच्या वर होतं, ईशान्य इंग्लंडमध्ये सातशे-साडेसातशेच्या आसपास. नव्या नर्सचा २० टक्के भत्ता महिन्याला पाचशे पौंडांच्या थोडा वर पडतो, तोही कर कापायच्या आधी. पहिल्या एक-दोन वर्षांत पैसे घरी पाठवायचे असतील, तर न्यूकॅसलची ऑफर लंडनपेक्षा सरस ठरते, यात मला शंका नाही.

पण हेच गणित आयटीवाल्याने डोळे मिटून लावू नये. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला जुलै २०२५ पासून साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो, आणि ती अट गाव बघून खाली येत नाही. जर्मनीच्या ब्लू कार्ड या नोकरीच्या परवान्याची पगाराची अटही देशभर एकच. छोट्या गावातला पगार तिथे राहायला भरपूर असतो आणि व्हिसाला कमी पडतो, असंही घडतं. अमेरिकेत याच्या उलट: एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी किमान पगार त्या त्या भागाच्या दराने ठरतो.

गैरसमज: ‘गावात गेलं की पीआर (कायम वास्तव्य) लवकर’

देश कोणता, यावर सगळं अवलंबून. ऑस्ट्रेलियाच्या ४९१ व्हिसाला राज्याच्या नामांकनाचे १५ गुण मिळतात. मग रीजनल भागात राहून तीन वर्षं काम केलं आणि कराचे कागद नीट ठेवले की १९१ या कायम व्हिसाचा रस्ता खुला होतो. कॅनडाने अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांसाठीची योजना २०२२ पासून कायमची केली आणि जानेवारी २०२५ मध्ये १४ ठरावीक गावांसाठी वेगळी योजना आणली. तिथे गावातल्या मालकाची ऑफर लागते, नुसती गावाची आवड पुरत नाही.

अमेरिकेत ग्रीन कार्डची रांग जन्माच्या देशावरून लागते. तुम्ही न्यूयॉर्कला राहा की नेब्रास्कात, भारतीयांची रांग तीच. अपवाद डॉक्टरांचा. जे-१ व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरांना एरवी दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर ही अट माफ होऊ शकते. जर्मनीत शहर-गाव हा भेद कायद्यात नाही, तिथे भाषा मोजतात: ब्लू कार्डवाल्याला ए-१ पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, बी-१ वर २१ महिन्यांनी. बर्लिनच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत भागतं आणि मुलं वर्षानुवर्षं ‘दांके’च्या पुढे सरकत नाहीत. गावात बेकरीवाली बाईच शिकवणी घेते.

गैरसमज: ‘नोकरी पक्की आहे, गाव कुठलं का असेना’

सगळ्यांत महागात पडणारा समज हा. एकाच कारखान्यावर उभं असलेलं गाव ओळखायला शिका. वोल्फ्सबुर्ग हे शहर १९३८ मध्ये वसवलंच गेलं ते मोटार कारखान्यासाठी, आणि आजही ते फोक्सवागनचं गाव आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी आणि कामगार संघटना यांच्यात समझोता झाला: २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायच्या. एवढी मोठी कंपनी आहे, काही होणार नाही, हे वाक्य आपल्याकडे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि कल्याण-शहाडच्या कारखान्यांतही एका पिढीने म्हटलेलं आहे. पुढे काय झालं ते सांगायला नको.

परदेशात नोकरी गेली की घड्याळ सुरू होतं. अमेरिकेत एच-१बीवाल्याला जास्तीत जास्त ६० दिवस, ब्रिटनमध्येही साधारण तेवढेच. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून मालकाने प्रायोजित केलेल्या कामगारांना एका वेळी १८० दिवस दिले आहेत. या मुदतीत नवी नोकरी शोधायची, घर सोडायचं, मुलांची शाळा बदलायची. म्हणून गावाच्या आकारापेक्षा मला दुसरा प्रश्न मोठा वाटतो: घरापासून तासाभराच्या अंतरात आपल्या कामाच्या आणखी किती कंपन्या आहेत? वॉलडॉर्फ १५ हजारांचं, पण हायडेलबर्ग आणि मानहाइम हाकेच्या अंतरावर, आणि त्या सगळ्या पट्ट्यात वीस लाखांहून जास्त वस्ती. हेर्झोगेनाउराखला स्टेशन नाही, पण शेजारी एर्लांगेनला सीमेन्सचं मोठं ठाणं. ही गावं ‘छोटी’ नाहीत. ती डोंबिवलीसारखी आहेत, म्हणजे ज्यांची नोकरी गावाच्या हद्दीत संपत नाही अशी. उलट लाख-दीड लाख वस्तीचं, एकट्या पडलेल्या कारखान्याचं शहर कागदावर मोठं दिसतं आणि ६० दिवसांत कोंडी करतं. ऑफर हातात आली की गुगल मॅपवर कंपनीचं नाव टाकण्याऐवजी आपल्या पदाचं नाव नोकरीच्या संकेतस्थळावर टाकावं आणि ५० किलोमीटरचं वर्तुळ निवडावं. पाच मिनिटांचं काम आहे.

गैरसमज: ‘गावात मराठी माणूस कुठला भेटायला’

यावर फार शाई खर्च करत नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१७ चं उत्तर अमेरिकेतलं अधिवेशन भरलं मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला, ज्याची वस्ती दोन लाखांच्या आसपास. आणि भारतीयांनी गजबजलेलं न्यू जर्सीतलं एडिसन हे लाखभर वस्तीचं गाव, मघाशी आलेल्या रोझेलपासून फार लांबही नाही. फडके रोडवरची पाडव्याची सकाळ तिथे मिळणार नाही, हे मान्य. पण ती लंडनमध्येही मिळत नाही.

आणि दुसऱ्या माणसाचं काय?

घरी ऑफरवर चर्चा होते ती एकाच्या पगाराची. बायको ठाण्याला बँकेत आहे किंवा नवरा वाशीला शिकवतो, तिचं किंवा त्याचं पुढे काय, हा विषय व्हिसा लागल्यावर निघतो. इथे मोठ्या शहराचं पारडं खरोखर जड आहे. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला लगेच काम करायची परवानगी असते, ब्रिटनमध्येही जवळजवळ तसंच. अमेरिकेत एच-४ वर आलेल्या जोडीदाराला ती सरसकट नाही. २०१५ पासून मिळते, पण मुख्यतः मुख्य अर्जदाराची ग्रीन कार्डची आय-१४० ही पायरी मंजूर झालेली असेल तरच. आणि परवानगी मिळाली तरी वस्ती २५ हजारांची, भाषा जर्मन, गाडी एकच आणि ती सकाळी सातला नवरा घेऊन गेलेला, अशा घरात तिने नोकरी शोधायची कुठे?

काही जर्मन विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत जोडीदाराला नोकरी शोधायला मदत करणारा स्वतंत्र कक्ष असतो. काही कंपन्या भाषेच्या क्लासची फी दोघांचीही भरतात. ऑफर लेटरमध्ये यातलं काही छापलेलं नसतं, विचारावं लागतं. पगार वाढवून मागायला आपली मुलं आता लाजत नाहीत. हे विचारायला मात्र लाजतात, आणि सही झाल्यावर विचारलं तर एचआरकडून फक्त शुभेच्छा मिळतात.