बूस्टर घेण्याआधी व्होल्टेज मोजा



लागण असो वा खोडवा, उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली की उसाचे वजन घटलेच. आपल्या शिरूर कासार भागात सिंदफणेच्या काठी काय किंवा विहिरीवर काय, पुष्कळदा वीज येते पण व्होल्टेज येत नाही. मोटर नुसती घुमते. मग कुणीतरी सांगतो, बूस्टर आणा!

बूस्टर म्हणजे छोटे रोहित्रच. तो व्होल्टेज चढवतो, वीज तयार करत नाही. जितक्या पटीने व्होल्टेज वाढवावे तितक्या पटीने जादा अँपिअर तो लाइनीतून ओढतो. ५ अश्वशक्तीची मोटर ४१५ व्होल्टवर साधारण ७.५ अँपिअर घेते. लाइनीत ३०० च व्होल्ट असतील आणि बूस्टरने त्याचे ४१५ केले, तर लाइनीतून सुमारे १०.५ अँपिअर जातात.

मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. ३०० व्होल्टवर तो निम्म्यावर येतो, म्हणून ती उचलत नाही आणि तशीच अडकून राहिली तर वायंडिंग जळते. बूस्टर लावला की उचलते, हे खरेच. पण चालू होतेवेळी लाइनीवरचा ओढा थेट चालू करण्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. त्या झटक्याने शेजाऱ्याची मोटर बसते. मग तोही बूस्टर आणतो. सगळ्यांनीच आणले की व्होल्टेज आणखी खाली, आणि डी.पी. जळाली की सगळ्यांचाच ऊस वाळतो.

दुसरा धोका रात्रीचा. भार कमी होऊन लाइन ४०० वर चढली आणि टॅप तसाच राहिला, तर मोटरला ५५० व्होल्ट बसतात. ऑटो स्विच लावून घरी झोपणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि फेजच गेला असेल तर बूस्टर तो आणून देत नाही.

म्हणून आधी मोटर चालू ठेवून वायरमनकडून दोन्हीकडचे व्होल्टेज मोजून घ्या, डी.पी.वर आणि स्टार्टरवर. डी.पी.वर ठीक पण स्टार्टरवर कमी असेल तर दोष आपल्याच केबलचा. जाड केबल टाका, सांधे नीट करा. दोन्हीकडे कमी असेल तर डी.पी.वरच्या सर्वांनी कपॅसिटर बसवावेत, ५ अश्वशक्तीला २ केव्हीएआरचा. लाइनीचे अँपिअर घटतात, तेवढे व्होल्टेज सुधारते. एकट्याने बसवून फार फरक पडायचा नाही. ऑटो स्विच काढून मोटरी एकामागून एक चालू कराव्यात. तरीही भागले नाही, तर भारवाढीचा अर्ज सगळ्यांनी मिळून महावितरणकडे द्यावा. एका रोहित्रावर एक-दोनच पंप देण्याची उच्चदाब प्रणाली राज्यात २०१८ पासून राबवली गेली आहे, तिचीही चौकशी करावी.

एवढे करूनही बूस्टर लागलाच, तर व्होल्टेज वाढताच मोटर बंद करणारा रिले सोबत घ्यावा आणि टॅप रोज पाहावा.