बोटीला ब्रेक नसतो, मग ती थांबते कशी? समजून घ्या मरीन क्लच आणि बेअरिंग

आमच्या लोणारच्या सरोवराचं पाणी खारं आहे, पण इंजिनाची बोट काही तिथे बघायला मिळत नाही. इथल्या पोरांना ट्रॅक्टर तोंडपाठ, बोट मात्र फक्त रीलमध्ये. तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचा एखादा व्हिडिओ लावा आणि आवाज मोठा करा. ट्रॉलर धक्क्याजवळ येतो, इंजिनाचा आवाज उतरतो, क्षणभर काहीच होत नाही. मग आवाज पुन्हा चढतो, पाण्याचा फेस पुढच्या बाजूला येतो आणि बोट थांबते. पंखा उलटा फिरवला, बस. हाच ब्रेक.

यात इंजिन उलटं फिरत नाही, ते कायम एकाच दिशेने फिरतं. दिशा बदलते ती गिअरबॉक्समध्ये. तिथे दोन क्लच असतात, एक पुढे जाण्यासाठी आणि एक मागे. गिअरचे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. तांडेल दांडा ढकलतो तेव्हा फक्त कोणता क्लच पकडायचा ते ठरतं. दोन्ही सोडले की न्यूट्रल.

हा क्लच ट्रॅक्टरपेक्षा तुमच्या बाईकच्या जास्त जवळचा आहे. बाईकमध्ये तेलात बुडालेल्या बऱ्याच प्लेट असतात, तशाच इथेही. फरक एवढाच की बाईकच्या प्लेट स्प्रिंग दाबून धरते आणि बोटीत हे काम बहुतेक वेळा तेलाचा दाब करतो. म्हणून गिअरबॉक्सचं तेल कमी झालं की दाब पडतो, प्लेट घसरतात, तापतात आणि जळतात. याची खूण सोपी आहे : इंजिनाचे फेरे वाढतात, पण बोटीचा वेग वाढत नाही. तेल दुधासारखं पांढरट दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय. फुल स्पीडमध्ये थेट रिव्हर्स टाकणं म्हणजे या प्लेटांचा जीव घेणं. ती 'क्षणभर काहीच होत नाही' वाली शांतता त्यासाठीच असते. शेतात क्लच गेला तर ट्रॅक्टर जागेवर उभा राहतो. समुद्रात बोट वारा नेईल तिकडे जाते.

आता बेअरिंग. मला विचाराल तर खरी गंमत इथे आहे.

पंखा पाणी मागे ढकलतो, म्हणजे पाणी पंख्याला पुढे ढकलतं. पंखा शाफ्टला लावलेला असल्यामुळे तो धक्का शाफ्टमधून थेट आत, इंजिनाकडे येतो. किती? समजा इंजिन १०० किलोवॅटचं आहे, बोटीचा वेग ताशी १५ किलोमीटर आहे आणि निम्मीच ताकद ढकलण्यात कामी येतेय. हिशोब केला तर सुमारे १२,००० न्यूटन येतात, म्हणजे १२ क्विंटल सोयाबीनचं वजन. हे वजन शाफ्टच्या टोकावर आडवं दाबत राहतं, तेही तासन् तास. क्रँकशाफ्ट असला भार घेण्यासाठी बनवलेलाच नसतो.

हा भार थ्रस्ट बेअरिंग घेतं आणि गिअरबॉक्सच्या पायांमधून बोटीच्या सांगाड्याला देतं. म्हणजे पंखा मागे फिरत असला तरी बोट प्रत्यक्षात पुढे ढकलली जाते ती या बेअरिंगपाशी! छोट्या बोटींत बऱ्याचदा टेपर रोलर बेअरिंग असतं, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात असतं त्याच जातीचं. मोठ्या जहाजांत गोळ्या किंवा रोलर पुरत नाहीत. तिथे शाफ्टवरची जाड चकती किंचित कलणाऱ्या ठोकळ्यांसमोर फिरते. फिरताना तेल ओढलं जातं, पाचरीसारखं मध्ये घुसतं आणि धातूला धातू लागतच नाही. अख्खं जहाज केसापेक्षा पातळ तेलाच्या थरावरून ढकललं जातं. ही युक्ती ऑस्ट्रेलियाच्या मिचेल यांनी १९०५ मध्ये पेटंट केली. अमेरिकेत किंग्जबरी यांनी ती स्वतंत्रपणे शोधली होती.

शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथलं बेअरिंग अजून वेगळं. अनेक बोटींत ते खाचा पाडलेल्या रबराचं असतं आणि त्याचं वंगण म्हणजे समुद्राचं पाणीच. म्हणूनच बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना 'जरा चालू करून बघू' म्हणून पंखा फिरवत नाहीत. पाण्याविना ते रबर काही वेळातच जळून जातं.