सस्पेन्स खात्यातल्या नोंदी

मार्च लागला की बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या पोटात अजूनही गोळा येतो. मी निवृत्त होऊन काही वर्षे झाली. पण ३१ मार्चची ती रात्र, टॅली व्हायला तयार नसलेले आकडे आणि टेबलाटेबलावर गार होत गेलेला चहा काही मनातून जात नाही. गंमत अशी, की कॅथलिक माणसाचाही मोठा हिशेब बहुधा याच सुमारास चालू असतो. त्याला ते उपवासकाळ म्हणतात, इंग्रजीत लेंट.

भस्म-बुधवारी कपाळाला राख लावून हा काळ सुरू होतो. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून ही राख करण्याची रीत आहे. येशूने अरण्यात काढलेल्या ४० दिवसांची ही आठवण. कॅलेंडर घेऊन मोजायला बसलात तर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ भरतील. कारण रविवार धरायचे नसतात. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नाही. नियमाचे कडक उपवास दोनच, भस्म-बुधवार आणि गुड फ्रायडे. तेही वयाची १८ पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंत. म्हणजे मी ख्रिस्ती असतो तरी एव्हाना सुटलो असतो! बाकीच्या दिवसांत भर असतो तो प्रार्थना, संयम आणि दान यांवर.

माझी नोकरीतली चार वर्षे वसईच्या शाखेत गेली. केळीच्या, फुलांच्या, भाजीच्या वाड्या, विहिरीवरचे पंप, आणि ‘साहेब, मिस्सा आटोपून येतो’ म्हणणारे खातेदार. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली, हे आपण शाळेत शिकतो. तिथला ख्रिस्ती माणूस मराठीतच भांडतो आणि मराठीतच देवाला आळवतो, हे मात्र तिथे राहिल्यावर कळते. फादर स्टीफन्स यांनी ओवीबद्ध रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिन मागे पडली आणि मिस्साचे शब्दही मराठी झाले.

गेल्या उपवासकाळात तिथल्या एका जुन्या खातेदाराचा फोन आला. ‘साहेब, शनिवारी आमच्या धर्मग्रामातल्या पोरांची रिट्रीट आहे. फादर म्हणतात, पैशांवर कोणीतरी बोलायला पाहिजे. कर्ज देताना आम्हाला जेवढं ऐकवलंत, तेवढंच त्यांना ऐकवा.’

रिट्रीट म्हणजे माघार. रोजच्या धबडग्यातून बाजूला होणे. इग्नेशियस लोयोला हा लढाईत जखमी झालेला सैनिक १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावी जाऊन राहिला. तिथल्या एकांतातून त्याचे साधनेचे पुस्तक आकाराला आले आणि १५४८ मध्ये छापले गेले. त्याची पूर्ण साधना महिनाभराची. कॉलेज, क्लास आणि लोकल यांत अडकलेल्या पोरांना महिना कुठून मिळणार? त्यांच्यासाठी एक दिवस.

शाळेच्या हॉलमध्ये साठेक मुले-मुली जमली होती, सोळा ते पंचवीस वयाची. दाराशी एक सिस्टर पत्र्याचा डबा घेऊन बसल्या होत्या. मोबाईल त्यांच्याकडे द्यायचा आणि नंबराची चिठ्ठी घ्यायची. मला आमची पितळी टोकने आठवली. भजन झाले, मग फादर बोलले. मत्तयच्या शुभवर्तमानातला एक भाग त्यांनी समजावून दिला. वेदीवर अर्पण आणताना भावाचे आपल्याविषयी काही गाऱ्हाणे आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवायचे, आधी भावाकडे जाऊन समेट करायचा, मग परत यायचे. म्हणजे देवसुद्धा थांबायला तयार आहे!

त्यानंतर तासभर मौन. प्रत्येकाला एक कोरा कागद आणि पेन्सिल. लिहिलेले कोणी वाचणार नव्हते. पहिली दहा मिनिटे झाडाखाली बसलेल्या पोरांचे हात सारखे खिशाकडे जात होते. मग हळूहळू माना खाली गेल्या. एक मुलगी डोळे पुसत होती. सिस्टरांनी पाहिले आणि त्या तिच्याजवळ गेल्या नाहीत. मला ते आवडले. दुपारी पेज, एक भाजी आणि लोणचे. जेवणातून वाचलेले पैसे जवळच्या पाड्यावरच्या मुलांच्या वह्यांसाठी.

मग माझी पाळी. मी त्यांना सस्पेन्स खात्याविषयी सांगितले. ज्या रकमेचे खरे खाते लगेच सापडत नाही, ती तात्पुरती तिथे ठेवतात. सोय चांगली, पण सवय लागली की वाईट. तपासनीस येतो तो नेमके तेच पान उघडतो आणि विचारतो, ‘ही नोंद इतके महिने इथे काय करते आहे?’ मनातही असे एक खाते असते. न दिलेले पैसे, न मागितलेली माफी, न केलेला फोन. ‘बघू नंतर’ म्हणून आपण तिथे टाकत जातो.

एका मुलीने विचारले, ‘काका, समोरचा आपल्याशी बोलतच नसेल तर?’

मी फादरांकडे पाहिले. ते म्हणाले, ‘तू जायचं. दार उघडायचं की नाही, ते त्याने ठरवायचं.’ आणि पुढे म्हणाले, ‘आता प्रायश्चित्त संस्कार आहे. देव क्षमा करतो. पण कुणाची वस्तू घेतली असेल, तर ती परत करायची राहतेच.’ म्हणजे कर्जमाफी झाली तरी परतफेड सुटत नाही. आमच्या वसुली विभागाला हे तत्त्व फार आवडले असते.

त्या साठांत दोन चुलतभाऊ होते. मी शाखेत असताना त्यांचे वडील एका स्कूटरवरून हप्ता भरायला येत. जमिनीला भाव आला आणि वाडीच्या वाटणीवरून दोघांत बोलणे बंद झाले. आजी थोरल्याकडे; धाकट्याचा मुलगा पाच वर्षांत त्या घराची पायरी चढला नव्हता. संध्याकाळी मैदानात ‘क्रुसाची वाट’ झाली. चौदा स्थाने, प्रत्येक स्थानाला लाकडी क्रूस दोघांनी उचलायचा. जोड्या आडनावाच्या क्रमाने लावलेल्या. साहजिकच हे दोघे एकत्र आले. त्यांनी क्रूस उचलला, पुढच्या स्थानापर्यंत नेला, खाली ठेवला. एकमेकांकडे पाहिलेही नाही.

नंतर चहा घेताना धाकट्याच्या मुलाने विचारले, ‘आजी कशी आहे?’

‘डोळ्यांनी फारसं दिसत नाही. आवाज ओळखते.’

एवढेच. मग चिठ्ठ्या देऊन मोबाईल घेतले आणि दोघे दोन वाटांनी गेले. कादंबरीत मी हा प्रसंग असा सोडला नसता. पण हा दिवस कुणाला शेवट लिहून देत नाही. नोंद कुठली आहे तेवढे दाखवतो.

आपले जैन शेजारी पर्युषणानंतर ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, तेव्हा तेही अशीच नोंद काढून टाकतात. ज्यांच्या घरी अशी रीत नाही, त्यांच्या मुलांना मात्र क्लास मिळतात, शिबिरे मिळतात, ट्रेक मिळतात. तासभर शांतता, कोरा कागद आणि जवळपास एखादे न विचारणारे मोठे माणूस सहसा मिळत नाही. आणि खरे सांगायचे तर, रिट्रीट मुलांची होती; वाडी वडिलांच्या नावावर होती.

निघताना मी फादरांना सुचवले, की पालकांसाठीही एक शनिवार ठेवा.

‘ठेवतो हो,’ ते हसून म्हणाले, ‘पण त्यांना फोन डब्यात टाकायला सांगणार कोण?’