फ्लोरा फाउंटन : पाण्यासाठी घडवलेला पाषाण

आमच्या कासू गावाच्या शिवेवरून आज आगगाडी धावते. परंतु रोह्यापर्यंत रूळ येऊन पोहोचले ते १९८६ साली, आणि माझ्या बालपणी मुंबईस जावयाचे म्हणजे धरमतरच्या बंदरावर भरतीची वाट पाहत बसावयाचे, लाँचमध्ये जागा मिळवावयाची आणि खाऱ्या वाऱ्याने ओठ फुटेपर्यंत प्रवास करून भाऊच्या धक्क्यावर उतरावयाचे, असा क्रम होता. अशाच एका प्रवासाच्या शेवटी वडिलांनी मला कोटातल्या एका चौकात उभे केले आणि समोरच्या पांढऱ्याशुभ्र पुतळ्याकडे बोट दाखवून ‘हे फाउंटन’ एवढेच म्हटले. ती स्त्री कोण, तिथे का उभी आहे, हे मी विचारले नाही. कारण पेणच्या मूर्तींच्या कारखान्यांत हिंडलेल्या माझ्या बालबुद्धीला एकच कुतूहल होते, की एवढी मोठी मूर्ती कोणत्या साच्यातून निघाली असेल!

ती साच्यातून निघालेली नव्हती, ती कोरलेली होती, हे पुढे कळले. आणि ती जिथे उभी आहे तिथे पूर्वी मुंबईच्या किल्ल्याचा एक दरवाजा होता, हेही. सेंट टॉमसच्या देवळाकडे जाणारा म्हणून तो चर्चगेट. १८६२ साली गव्हर्नरपदी आलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या अमदानीत तटबंदी पाडण्याचा हुकूम झाला, बुरुज आणि खंदक नाहीसे झाले, आणि कोंदटलेल्या शहराला प्रथमच पश्चिमेचा वारा मोकळेपणी मिळाला. दरवाज्याचे नाव तेवढे पुढे जवळच्या रेल्वे स्थानकाने सांभाळले.

कारंज्याची मूळ तजवीज या चौकासाठी नव्हतीच. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यानविद्या मंडळीला ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानात, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, उभारावयाचे होते, आणि त्याला फ्रिअर साहेबांचे नाव द्यावयाचे होते. एकंदर खर्च ४७,००० रुपये झाला. त्यांपैकी २०,००० रुपयांची देणगी कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांची. परंतु ज्याचा आराखडा बागेसाठी झाला ते नगराच्या मध्यभागी आले, आणि ज्याला गव्हर्नराचे नाव लागावयाचे त्याला माथ्यावरच्या रोमन पुष्पदेवतेचे नाव चिकटले. लोकांच्या जिभेने केलेला हा निवाडा मला सर्वथैव योग्य वाटतो. कारण गव्हर्नर बदलीवर जातात, फुले तर दर ऋतूला येतात.

१८६४ हे साल ज्याच्या नावे नोंदले जाते त्या या कारंज्याची आकृती योजली रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुशिल्पकाराने. लंडनच्या पोलिसांचे प्रसिद्ध न्यू स्कॉटलंड यार्ड ज्याच्या हातून पुढे उभे राहिले तोच हा. त्या वेळी तो जेमतेम तेहतीस वर्षांचा होता. प्रत्यक्ष छिन्नी चालवली जेम्स फोर्सिथ याने, आणि दगड आला तो थेट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा, पोर्टलंडचा. लंडनचे सेंट पॉल हे महामंदिर ज्याचे बांधले आहे तोच हा फिकट चुनखडीचा पाषाण. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ छिन्नीला सहजी दाद देत नाही. पोर्टलंडचा दगड मात्र वस्त्राच्या चुण्या आणि पाकळीची कड लोण्यासारखी उमटू देतो. सर्वांत वर फ्लोरा उभी, तिच्या खाली शिंपल्यांचे आकार, मत्स्य, आणि चार कोपऱ्यांना पुराणकल्पित मूर्ती. या सर्वांचा अर्थ पाणी वाहते असतानाच लागतो, कारण शिल्पकाराने शिंपला कोरला तो शोभेपुरता नव्हे, तर वरून येणारे पाणी क्षणभर थोपवून पुढे ओघळावे यासाठी.

आणि असे पाणी मुंबईला नुकतेच लाभले होते. विहिरी आणि तलाव यांवर तहान भागवणाऱ्या या बेटाला १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले, तेव्हाच दाबाखालचे पाणी उंच उडवण्याची चैन शक्य झाली. ही विद्या आपल्या मुलखाला सर्वस्वी परकी होती असे मात्र नव्हे. पुण्याच्या शनिवारवाड्यात सवाई माधवरावांसाठी सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हजारी कारंजे होते, ज्याच्या तोट्यांतून धारा उडत, आणि वाड्याला पाणी येई ते कात्रजच्या नळाने. फरक इतकाच, की ते कारंजे वाड्याच्या आत होते आणि हे हमरस्त्यावर. तेथे दरबारी मंडळी बसत, येथे ट्रामला लोंबकळणारा कारकूनही ते तुषार अंगावर घेई.

हमरस्त्यावर असल्यामुळेच २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणारा जनसमुदाय विधानसभेच्या दिशेने निघाला तो याच चौकात अडवला गेला, आणि गोळीबारात पंधरा माणसे पडली. या प्रश्नावर पुढल्या वर्षी केंद्रातील अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख आमच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे, म्हणून त्या आठवणीला आमच्याकडे घरगुती अभिमानाचा स्पर्श आहे. चौकाचे नाव हुतात्मा चौक झाले, आणि मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराची जोडी फ्लोराच्या शेजारी आली. पुष्पदेवतेला कोणी हलवले नाही, हे मला महाराष्ट्राच्या मनाचे मोठेपण वाटते.

मी लहानपणी पाहिलेला तो पांढराशुभ्र वर्ण मात्र दगडाचा नव्हताच, तो तैलरंग होता. वेळोवेळी निगराणी करणाऱ्यांनी थरावर थर चढवले. त्यांत दुष्ट हेतू काही नव्हता. आमच्या जोहे-हमरापूरकडच्या मूर्तिशाळांत रंगावाचून असलेल्या मूर्तीला ‘कच्ची’ म्हणतात, आणि रंगकाम होऊन डोळ्यांची आखणी झाली म्हणजे ती जिवंत होते. परंतु जे शाडूला जीवदान तेच चुनखडीला गळफास! हा पाषाण सच्छिद्र. ओल आत शिरते तशी बाहेर पडावी लागते, आणि रंगाने ती वाट बुजली की दगड आतून भुसभुशीत होऊ लागतो, वर कोरीव रेषाही बुजतात.

विकास दिलावरी या जतनतज्ज्ञ वास्तुशिल्पकाराच्या देखरेखीखाली मरामतीचे काम हाती घेतले गेले. रंगाचे थर उतरवले गेले, पाण्याच्या बुजलेल्या वाटा मोकळ्या झाल्या, आणि जानेवारी २०१९ मध्ये कारंजे पुन्हा वाहते झाले. त्याच परिसरात काम चालू असता जुन्या ट्रामचे रूळही जमिनीखालून वर आले. धोबीतलावचे फिट्झगेराल्ड कारंजे, जे ओतीव लोखंडाचे, चौकातून उखडले जाऊन भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात वर्षानुवर्षे पडून होते, तेही अलीकडे आपल्या जागी परतले. शहराने आपल्या कारंज्यांची अशी आठवण ठेवावी, याचा मला मनापासून आनंद आहे.

वाहते झालेले फ्लोरा फाउंटन पाहण्यासाठी मी मुद्दाम गेलो. दगड आता पांढरा नव्हता, जुन्या हस्तिदंतासारखा होता, आणि पाणी शिंपल्याच्या कडेवर क्षणभर थांबून खाली येत होते. दिव्याला रोह्याची गाडी गाठायची होती, तरी पाय निघेना. गावी परतल्यावर ओळखीच्या एका मूर्तिकाराला हे सर्व सांगितले, तेव्हा हातातला ब्रश न थांबवता त्याने विचारले, “म्हणजे रंग नाहीच? आणि डोळ्यांची आखणी?”

“नाही. डोळेही दगडाचेच.”

तो थोडा वेळ समोरच्या गणपतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “पडू दे मग तिच्यावर पाणी, तात्या. ती काय मातीची आहे?”