नाण्यावरचा देव, गादीवरचा राजा

इ.स. 224 मध्ये अर्दशीरने पार्थियन सम्राटाला लढाईत मारून इराण घेतले. तो काल-परवापर्यंत त्याच सम्राटाचा मांडलिक होता. गादीवर त्याचा वारसाहक्क नव्हता. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर तो स्वतःला ‘मज्दापूजक’ आणि ‘देवांच्या वंशातला’ म्हणवतो. मागच्या बाजूला धगधगती अग्निवेदी. इराणी नाण्यांचा पुढचा दीड हजार वर्षांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळक होते: ज्याचा हक्क कच्चा, त्याने नाण्यावरच्या धर्मवचनाकडे जास्त लक्ष दिले.

अरबांनी अर्दशीरच्या सासानी घराण्याची सत्ता मोडली, पण टाकसाळी चालूच ठेवल्या. मुकुटधारी सासानी राजाचा चेहरा तसाच, अग्निवेदीही तशीच. कडेला फक्त अरबीत ‘बिस्मिल्लाह’. शेवटचा सासानी राजा यज्दगर्द तिसरा 651 मध्ये मारला गेला आणि त्याच सुमाराच्या, त्याच्याच छापाच्या नाण्यांवर हे शब्द येतात. जेत्यांचा हा संयम मला शहाणपणाचा वाटतो, कारण बाजाराचा विश्वास त्या जुन्या चेहऱ्यावर होता. चेहरे पुसून केवळ अक्षरांचे दिरहम पाडायला खलिफा अब्दुल मलिकने 690 च्या दशकाची अखेर गाठली.

पुढे खुत्बा आणि शिक्का या राज्यकर्तेपणाच्या दोन खुणा ठरल्या. शुक्रवारच्या नमाजात नाव कोणाचे आणि नाण्यावर कोणाचे, यावरून राज्य कोणाचे ते कळे. इराणचे बुवैही राज्यकर्ते शिया होते, बगदादचा सुन्नी खलिफा त्यांच्या मुठीत होता, तरी त्याचे नाव त्यांनी नाण्यावरून काढले नाही.

मंगोल सुलतान उल्जायतूची कथा सर्वांत बोलकी. त्याच्या सुरुवातीच्या नाण्यांवर पहिल्या चार खलिफांची नावे आहेत. 1310 च्या सुमारास तो शिया झाला. चौघे गेले, अलीचा गौरव आणि बारा इमामांची नावे आली. मुलगा अबू सईद गादीवर आला आणि चार खलिफा परतले. प्रजेची श्रद्धा इतक्या लवकर पालटत नसते, ठसा मात्र टाकसाळीत एका हुकुमाने बदलतो. 1501 मध्ये तब्रीझला सफवी घराण्याच्या शाह इस्माईलने शिया पंथ राजधर्म केला, तेव्हा नाण्यावरचे अलीचे नाव खोलवर रुजले, कारण त्यामागे राज्ययंत्रणाही होती.

1736 मध्ये नादिरशाहने सफवींची गादी घेतली आणि शिया वचन गाळले. त्याच्या फौजेत सुन्नी अफगाण आणि उझबेक होते, शिवाय उस्मानी तुर्कांशी तह हवा होता. हे मौनही राजकारणच.

करीमखान झंदने ‘शाह’ ही पदवीच घेतली नाही, तो ‘वकील’ राहिला. नाण्यावर स्वतःचे नाव न घालता ‘या करीम’ असा धावा घातला: देवाचेही नाव, त्याचेही. आगा मुहम्मदखान काजारने तीच युक्ती ‘या मुहम्मद’ने केली. त्याचा पुतण्या फतह अली शाह मात्र नाण्यावर ‘सुलतानाचा पुत्र सुलतान’ झाला, आणि त्याचा बाप तर कधी गादीवर बसलाच नव्हता.